तरतमभाव

हिंगण्याच्या शाळेत इंग्रजी व्याकरण शिकणाऱ्या मुलाला तरतमभावाचा धडा मोठा कोरडा वाटतो. रोजच्या मराठीत ‘पेक्षा’ किंवा ‘सर्वांत’ योजले की काम भागते. विशेषण बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘मच’, ‘मोअर’, ‘मोस्ट’ अशी त्याची रूपे पालटतात. ती घोकताना त्याचा जीव मेटाकुटीस येतो.

मग टॉल्स्टॉयची १८८६ सालची एक कथा इंग्रजी भाषांतरात त्याच्या हाती पडते. पाखोम या रशियन शेतकऱ्याशी सौदा ठरतो : सूर्योदयापासून निघून सूर्यास्तापूर्वी परत येशील, तर चालून वेढलेली सारी जमीन तुझी. अधिक, आणखी अधिक, असे करीत तो दूर जातो. धावत परततो आणि कोसळून मरतो. त्याला पुरते ती सहा फूट जमीन!

औद्योगिक वसाहतीमुळे हिंगण्याच्या जमिनीलाही मोल चढले आहे. वीतभर धुऱ्यावरून भावाभावांत पडलेले वितुष्ट मुलाने पाहिलेले असते. घोकलेली रूपे आता त्याला ओळखीची वाटतात. ‘एनफ’, म्हणजे ‘पुरेसे’, या शब्दाला तशी चढती रूपे नाहीत. हा नियम पुस्तकातून कळतो; त्याचा अर्थ मात्र त्याला पाखोमने शिकविलेला असतो.