डावा कोपरा

चढाईला आलेलीच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोळे फसवतात, खांदेही फसवतात. पायांना मात्र फार वेळ खोटं बोलता येत नाही. डाव्या कोपऱ्यात उभी राहणारी हे सगळ्यात आधी शिकते. समोरची मध्यरेषा ओलांडून येते, निदान रेषा पार करते, बोनससाठी पाऊल टाकल्यासारखं करते. अंग झेपावायला आतुर झालेलं असतं आणि मनाने त्याला धरून ठेवायचं असतं. ती नुसती हूल देत असेल आणि मी घाई केली, तर माझ्या पाठीवर हात मारून ती परत जाणार. मी उशीर केला, तर बोनस घेऊन जाणार. या दोन्हींच्या मध्ये एक पळ असतो. तिचा सगळा भार माझ्या बाजूच्या पायावर येतो तेव्हाचा. तेवढाच माझा. मग घोटा धरायचा, छातीशी ओढायचा आणि बाकीच्या धावून येईपर्यंत सोडायचा नाही.

शाळेत असल्यापासून मी त्या एका पळासाठी खेळत आले आहे.

ब्रह्मपुरीत आमच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसून जायच्या आणि आम्ही मुली त्या पुन्हा आखायचो. मी अबोल होते. वर्गात, घरात, पाहुण्यांत कुठे उभं राहावं हेच कळायचं नाही. सरांनी एकदा मला दंडाला धरून डाव्या टोकाला नेलं आणि म्हणाले, "तुले थांबता येते. तू इथंच राह्य." थांबता येणं हा गुण असतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. टाळ्या चढाई करणारीला मिळतात, आणि त्या तिच्या हक्काच्याच आहेत. एकटीने सात जणींच्या अंगणात शिरायला छाती लागते. पण कोपऱ्यात उभी असणारी एकटी नसते. तिचा एक हात शेजारच्या लेफ्ट इनच्या हातात असतो. माझी लेफ्ट इन वर्गमैत्रीणच होती. ती बोटं किती घट्ट दाबते यावरून मला कळायचं, आत्ता नाही, अजून नाही, आता.

आमच्या झाडीपट्टीत या खेळाचा हंगाम धानाबरोबर येतो. दिवाळीच्या सुमाराला हलका धान निघतो, बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगाव मंडईची जत्रा भरू लागते. रात्री नाटक, त्यासाठी वैनगंगेपलीकडच्या वडशाहून कंपन्या येतात आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. दिवसा कबड्डी. एखाद्या बांधीतली धसकटं खणून काढायची, पाणी शिंपडायचं, माती चोपायची, की मैदान तयार. चारी बाजूंच्या धुऱ्यांवर माणसं बसतात. कितीही चोपली तरी धानाची माती वाळल्यावर कडक होते आणि गुडघे सोलून काढते. पुढे मी मॅटवर खेळले. मॅट पडणाऱ्याला सांभाळून घेते, पाय घसरत नाही, बूट घालता येतात. मॅटमुळे खेळ वेगवान झाला आणि चांगला झाला, हे मी मनापासून मानते. तरीही मातीतली पकड मला अधिक खरी वाटते. तिथे घोटा घामाने आणि धुळीने निसटता होतो, आणि धरून ठेवायला नुसती ताकद पुरत नाही.

आमचा सराव ऊन उतरल्यावर सुरू व्हायचा, आणि ब्रह्मपुरीचं ऊन उतरायला वेळ लागतो. जंगल गावांना लागूनच आहे, वाघ रस्त्यावर दिसणं ही इथे बातमीसुद्धा नसते. "अंधार पडाच्या आत घरी पोच," आई म्हणायची. खेळू नको असं ती कधीही म्हणाली नाही. जवळच्या खेड्यांतून सायकलने येणाऱ्या मुली शेवटचा डाव अर्धा टाकून एकत्र निघायच्या.

या खेळाला आमच्या विदर्भाने फार लांब नेलं होतं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी खेळून दाखवली. आशियाई खेळांत ती १९९० ला आली. महिलांना मात्र २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. २०१८ ला जकार्ताच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी मी रडले, आणि रडतानाच अभिमानही वाटला. आपल्या मातीतल्या एका बाईने परक्या देशातल्या मुलींना हा खेळ इतका शिकवला होता, की त्या आपल्यालाच भारी पडल्या. २०२३ मध्ये हांगझोऊला आपण चायनीज तैपेईवर २६-२५ ने जिंकलो. एका गुणाने! भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं.

लोक विचारतात, कबड्डीतून मिळालं काय? प्रश्न वाईट हेतूने येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी धावत असतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. माझ्याबरोबरच्या काही जणींच्या घरी त्यामुळे चूल पेटते. खेळाच्या त्या प्रमाणपत्राला मी कमी लेखणार नाही. पण मला ते मिळालं नाही, तरी मी खेळते. नोकरीच्या गावी, सुटीच्या दिवशी, माझ्याहून लहान मुलींमध्ये. एखादी नवी मुलगी चढाईला येते, पाऊल टाकते आणि माझा श्वास पूर्वीसारखाच अडकतो. तेवढ्या वेळात भाडं, वय, लग्नाचा विषय, काही म्हणजे काही डोक्यात नसतं.

यंदा गावाकडच्या मंडईत महिला गट ठेवलाय असं कळलं. मी लगेच माझ्या लेफ्ट इनला फोन लावला. ती लग्न होऊन वडशाकडे गेली आहे, मूल कडेवर आहे.

"माह्याकडं बूट नाई राहले आता," ती म्हणाली.

"बांधीत बूट कोन घालते?"

"अन् लेकरू?"

मी काही सुचवण्याआधी तिनेच तिकडे कोणाला तरी हाक मारली, काहीतरी बोलणं झालं, आणि ती पुन्हा फोनवर आली. "सासूबाई येतो म्हनते सामना पाहाले. लेकरू तिच्याजवळ राहीन. जर्सी कोन्या रंगाची घ्यायची?"