पहाटेचा आवाज

जुलैमधली गोष्ट. दुपारी मी दारातल्या गाडीवरचा चिखल धूत होतो. समोरच्या घरातले गुरुजी फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तो पहाटेचा आवाज जरा बंद करता आला तर बघ की. नातू दचकून उठतोय रोज."

गुरुजींनी मला चौथीत शिकवलंय. त्यांच्यासमोर मी आजवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "गुरुजी, भोंगा तर २०२२ पासून पहाटे बंदच आहे. सहाच्या आत आमच्या मशिदीत माईकला हात लावत नाहीत. आता आणखी काय बंद करायचं?"

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "भोंग्याचं कोण बोलतंय रे? तुझ्या गाडीचं बोलतोय मी. चालू केलीस की किंचाळते."

पाण्याचा पाईप हातात तसाच, आणि पाणी चपलांवर सांडतंय. ते गेल्यावरसुद्धा मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

थोडं मागचं सांगतो. अम्मीचं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं, मिरजेला. पहिली पाळी मिळाली आहे, म्हणजे तासगावातून सव्वापाचला निघावं लागतं. पावसाळ्यात पावणेपाच-पाचच्या सुमारास फजरचा वक्त सुरू होतो. घरातच नमाज पढायची, अम्मीला मागच्या सीटवर बसवायचं, उशी द्यायची आणि चावी फिरवायची. त्या क्षणी बॉनेटखालून जो आवाज यायचा तो ऐकून गल्लीतली कुत्रीही उठायची. सुरुवातीला अर्धा-एक मिनिट लांब किंचाळी, मग गाडी गरम होईपर्यंत चिमण्यांसारखी चिवचिव. गुरुजी खरं तेच सांगत होते. भोंगा शब्द त्यांनी काढलाच नव्हता. तो मी काढला होता. गेल्या काही वर्षांत 'पहाट' आणि 'आवाज' हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या अंगावर काटा येतो, हे खरं आहे. पण गुरुजींना त्यात का ओढायचं?

आवाज पट्ट्याचा आहे हे मला आधीपासून माहीत होतं. मेकॅनिक लोक त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात. माझ्या गाडीत पंखा वेगळा चालतो. या पट्ट्यावर डायनामो आणि पाण्याचा पंप फिरतो. म्हणजे पट्टा वाटेत तुटला तर बॅटरी चार्ज होणार नाही आणि पंप थांबल्यामुळे इंजिन तापून बंद पडेल. तेही पहाटेच्या अंधारात, मधल्याच रस्त्यावर, मागे अम्मी. नातवाची झोप हा एक भाग झाला. मला खरी भीती या दुसऱ्या गोष्टीची होती.

आणि मी काही केलं नव्हतं असंही नाही. पहिला सल्ला अम्मीचाच होता, "उसकू तेल डाल रे जरा." बिजागरीला चालतं ते पट्ट्याला चालत नाही. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि आणखी घसरतं. दुसरा सल्ला टपरीवरच्या रिक्षावाल्याचा, कपड्याचा साबण घास. तो मी ऐकला. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी साबणाला धूळ चिकटून आवाज दुप्पट.

मग नवा पट्टा घातला. दुकानातून पट्टा आणताना जुन्यावरचा नंबर वाचून न्यावा. ६पीके असं लिहिलेलं असतं. ६ म्हणजे आतल्या बाजूला सहा धारा, पीके म्हणजे त्या धारांचं माप, आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. नव्या पट्ट्यावर पंधरा दिवस गेले आणि चिवचिव परत. दुकानदाराने माल खराब दिला असं मी चारचौघांत सांगितलं. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने पट्टा ताणून दिला. इतका ताणला की आवाज बदलून घरघर सुरू झाली, कारण आता डायनामोच्या बेअरिंगवर ताण येत होता. मी तो परत सैल करून घेतला आणि त्या मेकॅनिकलाही नावं ठेवली.

गुरुजींच्या प्रसंगानंतरच्या फेरीला मी ठरवलं, आज निकाल लावायचा. अम्मी एकदा मशीनवर गेली की चार तास आपले. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथं गाडी लावली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. आवाज चालू करताना येतो की नंतरही? पावसात जास्त येतो का? लाईट लावल्यावर वाढतो का? लांब ओरडतो की तुटक? मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "मग दोन आजार असतील. गाडी गार होऊ द्या. गरम गाडी खोटं बोलते."

दोन तास मी लाकडी बाकावर बसलो. गाडी गार झाल्यावर त्यांनी लाईट, ब्लोअर सगळं चालू ठेवून चावी मारायला सांगितली. किंचाळी आली. चालू करताना बॅटरीतून मोठा करंट जातो, तो भरून काढायला डायनामोवर लगेच भार पडतो. पुली जड होते, आणि पट्टा जरा सैल किंवा दमट असला की घसरतो. तीच ती लांब किंचाळी. बॅटरी म्हातारी असेल तर हा भार जास्त वेळ टिकतो. माझी बॅटरी म्हातारीच आहे.

लाईट बंद केल्यावर तुटक चिवचिव उरली. मिस्त्रींनी प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं होतं. इंजिन चालू असतानाच, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूला थोडं पाणी मारलं. आवाज गप्प. मी खूश. ते बोट वर करून थांबले. काही क्षणांत चिवचिव परत. "पाण्याने आवाज वाढला असता तर म्हटलं असतं पट्टा सैल. गप्प होऊन परत आला, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत."

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा उतरवला. एकेक पुली हाताने फिरवली, कान लावला. बेअरिंग ठीक होतं. पट्टा उलटा करून दाखवला. वरून नवाकोरा. हल्लीचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात, जुन्यांसारख्या त्यांना लवकर भेगा पडत नाहीत, आतले चर झिजत जातात. म्हणून नुसतं बघून फसायला होतं. माझ्या पट्ट्याची एक कड चकचकीत घासलेली होती आणि तिचे दोरे सुटायला लागले होते. अजून किती दिवस टिकला असता हे मी विचारलं नाही.

मग त्यांनी स्टीलची सरळ पट्टी खालच्या क्रँक पुलीच्या तोंडाला टेकवून वरपर्यंत नेली. पंपाच्या पुलीला पट्टी टेकली. डायनामोच्या पुलीला टेकली नाही. मध्ये फट. "तीन मिलिमीटर. हाताएवढ्या अंतराला दीडपर्यंत चालून जातं." डायनामो जिथं ब्रॅकेटला बोल्टने बसतो तिथं त्यांनी बोट घातलं. "इथला जाड वॉशर कुठाय? डायनामो कुणी उतरवला होता?"

मी काही बोललो नाही. मिस्त्रींनी परत विचारलं.

"मीच," म्हटलं.

हिवाळ्यात बॅटरी चार्ज होईना म्हणून मीच व्हिडिओ बघून डायनामो उतरवला होता, इलेक्ट्रिशियनकडून कार्बन बदलून आणले होते आणि मीच परत बसवला होता. मजुरी वाचली म्हणून घरात सांगितलंही होतं. मिस्त्री हसले नाहीत. आपल्या डब्यातून मापाचा वॉशर शोधला, घातला, पट्टी परत लावली. आता तिन्ही पुल्यांना टेकली. नवीन पट्टा चढवला, लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून ताण बघितला, बोल्ट आवळला आणि पंधरा मिनिटं इंजिन चालवून परत एकदा बघितला. मजुरी दीडशे रुपये. पट्ट्याचे वेगळे. "बॅटरीचं बघा," एवढं म्हणाले.

घरी आल्यावर स्क्रू ठेवायचा बिस्किटांचा डबा जमिनीवर पालथा केला. वॉशर त्यातच होता, ग्रीस वाळलेला. पट्टा विकणाऱ्याकडे जाऊन आलो. त्याला आठवतही नव्हतं मी काय बोललो होतो ते. ताण देणाऱ्या मेकॅनिकची जागा बदललीय, तो सापडला नाही.

गुरुजींकडे जायचं मात्र टाळत राहिलो. काय बोलायचं हे जुळत नव्हतं. पुढच्या फेरीला पहाटे चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि पावसाच्या थेंबांखेरीज काही ऐकू आलं नाही. अम्मी मागून म्हणाली, "चालू झाली का रे?"

दुपारी परतलो तेव्हा गुरुजी त्यांच्या फाटकात उभे होते. गाडी थांबायच्या आतच रस्ता ओलांडून आले आणि मागच्या काचेतून आत बघायला लागले. मी काच खाली केली.

"पहाटे आवाज आला नाही," ते म्हणाले, "म्हटलं आज का गेला नाहीत..." पुढचं बोलले नाहीत.

"गेलो होतो गुरुजी. पट्टा नीट केला." मग जे आठवडाभर जुळत नव्हतं ते कसंबसं बोललो, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"ते राहू दे," म्हणाले, आणि अम्मीच्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला. "सावकाश उतरा. पायरी ओली आहे."