कोठींतील उघडी मांडणी

गृहव्यवस्थेवर लिहिणारे लेखक स्वयंपाकघराविषयीं पुष्कळ लिहितात, देवघराविषयींही थोडेंबहुत लिहितात. परंतु या दोहोंच्या मागें अंधारांत असलेली जी कोठीची खोली, तिच्याविषयीं सहसा कोणी लेखणी उचलीत नाहीं. वस्तुतः कुटुंबाचा वर्षाचा निर्वाह त्या खोलींत साठविलेला असतो. 'कोठी' हा शब्द संस्कृत 'कोष्ठ' शब्दापासून आलेला आहे. आणि कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाकरितां एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. धान्य उंचावर ठेवावें, तेलतुपास मातीचीं किंवा लांकडी पात्रें असावींत, मीठ भुईवर असावें, अर्धा साठा आपत्काळासाठीं राखावा आणि नवा माल येतांच जुना काढून त्याची जागा भरावी, इतका बारीक विचार तेथें केलेला आढळतो. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केला. राज्याच्या कोठारासंबंधीं जें सांगितलें, तें अकरा माणसांच्या घरास लागू करण्यास मला तरी कांहीं अडचण दिसत नाहीं.

आमचें घर साताऱ्याकडील जुन्या वळणाचें आहे. आम्ही दोघे बंधू, मुलें, सुना व नातवंडें अशीं अकरा माणसें एकाच स्वयंपाकांत जेवतों. स्वयंपाकघरामागील कोठीची किल्ली आमच्या मातोश्रींकडे होती. त्यांच्या हातून ती वहिनींकडे आली आणि पुढें चाळीस वर्षें वहिनींच्या कमरेला राहिली. आजच्या तरुण मंडळींस कोठीला कुलूप लावणें हें कृपणतेचें लक्षण वाटतें. परंतु १९७२ च्या दुष्काळांत शिधावाटपाच्या दुकानांतून मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी ज्यांनीं खाल्ल्या आहेत, त्यांस त्या कुलपाचें कारण विचारावें लागत नाहीं.

कोठीची रचनाही जुनीच होती. एका भिंतींत खोल फडताळ, त्यांत डब्यांच्या तीन-तीन रांगा. कोपऱ्यांत डब्यांची उतरंड. आणि वर लांकडी माळा. उतरंडीचा दोष सर्वांस ठाऊक आहे. खालचा डबा हवा असेल तर वरचे सर्व उतरवावे लागतात. खोल फडताळाचा दोष तितका प्रसिद्ध नाहीं, पण तो अधिक घातक आहे: मागच्या रांगेंत गेलेली वस्तु घरांत असून नसल्यासारखी होते. या सर्वांचा नकाशा केवळ वहिनींच्या स्मरणांत होता, आणि त्यांचें स्मरण उत्तम असल्यामुळें इतक्या वर्षांत कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं ऐन श्रावणांत माळ्यावरची बरणी काढण्यासाठीं वहिनी स्टुलावर चढल्या, तोल जाऊन पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली व त्या कांहीं आठवडे अंथरुणावर होत्या. त्या काळांत असें दिसून आलें कीं, सारें घर स्वतःच्याच कोठींत परकें आहे. थोरली सून नोकरीवरून संध्याकाळीं येई आणि इस्पितळांत फोन लावून विचारी. वहिनी खाटेवरूनच सांगत, "उतरंडींत खालून तिसरा, झांकणाला पोचा आहे तो." हिंग घरांत असतां पुनः पुनः विकत आणला गेला. पुढें फडताळ रिकामें केलें तेव्हां मागच्या रांगेंत तुरीच्या डाळीचा एक डबा निघाला. त्यांत डाळीपेक्षां किडेच अधिक होते. तेव्हां आमच्या घरापुढें खरा प्रश्न डब्यांचा नव्हता. वहिनी उद्यां उठल्या नाहींत तर या घराची कोठी कोणास ठाऊक आहे, हा प्रश्न होता; तो मोठ्यानें मात्र कोणी उच्चारला नाहीं.

मुलांचें मत दुकानांतून बंद कपाटें व सरकते खण आणून बसवावेत असें पडलें. तीं दिसण्यांत सुबक असतात हें खरें. पण झांकलेल्या फडताळाच्या जागीं झांकलेलें कपाट आणून मूळ रोग कसा जाणार? मीं उघड्या मांडणीचा पक्ष घेतला. आपल्या आजीच्या काळीं भांड्यांची मांडणी उघडीच असे. तीच पद्धत धान्याच्या डब्यांस लावावयाची होती. मजुरास न बोलावतां पुतण्यानें व मीं चार रविवारांत हें काम केलें. ज्यांस तसें करावयाचें असेल, त्यांच्या उपयोगासाठीं त्यांतील मुख्य गोष्टी सांगतों.

प्रथम भिंतीची परीक्षा करावी. आमच्या कोठीची एक भिंत अलीकडची, विटा व सिमेंट यांची आहे. बाकीच्या तीन जुन्या, मातींत बांधलेल्या. ड्रिल यंत्रानें लहानसें भोंक पाडून बाहेर येणारी भुकटी पाहावी. आरंभीं गिलाव्याची भुकटी येते, पुढें तांबडी आली तर वीट लागली असें समजावें. मऊ माती येऊं लागली तर तेथें स्क्रूच्या भरंवशावर वजन टांगूं नये. नव्या भिंतीवर आम्हीं लोखंडी ब्रॅकेटें बसविलीं. ब्रॅकेटाची एक भुजा लांब असेल तर ती भिंतीस लावावी, आंखूड भुजा फळीखालीं असावी. कारण भारानें वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो आणि भुजा जितकी लांब तितकी ती ओढ कमी पडते. मातीच्या भिंतीपाशीं मात्र उभे खांब देऊन सारा भार जमिनीवर घेतला आणि मांडणी पुढें कलंडूं नये एवढ्यापुरतेंच तिला भिंतीशीं जखडलें.

फळ्यांसाठीं लांकूड विकत घ्यावें लागलें नाहीं. ज्या माळ्यामुळें अपघात झाला, तोच उतरविला. त्याच्या सागवानी फळ्या इंचभर जाड होत्या. रंधा मारतांच आंतून नव्यासारख्या निघाल्या. त्यांस जवसाचें तेल दिलें. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्या, आणि फळ्याही पुरत्या सुकल्याशिवाय त्यांवर डबे ठेवूं नयेत.

आधारांमधील अंतराच्या बाबतींत पुष्कळ लोक हयगय करतात. तेंच वजन असतां आधारांमधील अंतर दुप्पट केलें, तर फळी दुप्पट नव्हे, आठपट वांकते. उलट जाडी दुप्पट केली तर वांक आठव्या हिश्श्यावर येतो. पांच किलोचे सहा डबे म्हणजे तीस किलो झाले, डब्यांचें वजन निराळेंच. म्हणून आम्हीं दर दोन फुटांवर आधार दिला. सपाटी पाहण्यासाठीं पारदर्शक रबरी नळींत पाणी भरून तिचीं दोन टोकें दोन बाजूंस धरलीं. जोडलेल्या नळींत पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहते, हें मीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें. पुतण्या माझाच विद्यार्थी असल्यामुळें त्यानें नळींतील हवेचे बुडबुडे मला न विचारतांच काढले.

आतां रचनेविषयीं. आम्हीं दोन नियम ठरविले व ते मोडले नाहींत. पहिला असा कीं, कोणत्याही वस्तूच्या मागें दुसरी वस्तु असतां कामा नये. त्यामुळें फळीची रुंदी डब्याच्या रुंदीएवढीच ठेवली. मोठ्या डब्यांस दहा इंच, मसाल्याच्या लहान डब्यांस पांच. दुसरा नियम असा कीं, स्टूल लागतां कामा नये. घरांत सर्वांत ठेंगण्या वहिनीच. त्यांनीं हात वर करून बोटें जेथें सहज टेकविलीं, तेथें सर्वांत वरची फळी आली आणि तिच्यावर पापड-कुरडयांसारखें हलकें सामानच ठेवलें. पंधरा किलोचा तेलाचा डबा व गव्हाचें पिंप खालीं, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर. कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळ्यांवर रोजचे तांदूळ, डाळी, साखर, चहा.

उघडेपणाचे तोटेही सांगितले पाहिजेत. धूळ बसते, दर आठवड्यास फळ्या पुसाव्या लागतात. गॅसच्या शेगडीशेजारीं अशी मांडणी केली तर फोडणीच्या वाफेनें सर्व डबे चिकट होतात, म्हणून ही रीत कोठीसाठींच योग्य होय. उजेडानें हळद-तिखटाचा रंग उतरतो व तेल लवकर खवट होतें. तीं स्टीलच्या डब्यांत व अंधाऱ्या बाजूसच हवींत. कांचेच्या बरण्या डाळी-कडधान्यांस शोभतात, पण त्यांचीं झांकणें घट्ट असावींत. कोंकणांतील दमट हवेंत तर विशेषच. डाळीस एरंडेल चोळणें, धान्यांत बिब्बे घालणें हे आपले जुने उपाय आम्हीं सोडलेले नाहींत. प्रत्येक डब्यावर मीं ठळक अक्षरांत नांव लिहिलें आणि खालीं भरल्याची तारीख घातली. म्हणजे जुना माल आधीं संपावा, ही कौटिल्याची आज्ञा पाळली जाते.

हें सर्व चाललें असतां वहिनी काठी टेकीत येऊन दारांत खुर्चीवर बसत. त्यांचा पहिला आक्षेप असा: "भावजी, घरांत काय आहे नि काय नाहीं, हें आल्यागेल्याला दाखवायचंय का?" कोठी स्वयंपाकघराच्या मागें आहे, तेथें पाहुणा जात नाहीं, असें मीं सांगितलें, त्यांनीं तें ऐकून घेतलें, मानलें कीं नाहीं तें कळलें नाहीं. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. "जो तो आपल्या हातानं घेणार, मग हिशेब कोण ठेवणार?" यास माझ्यापाशीं शाब्दिक उत्तर नव्हतें. दाराशेजारीं हातभर जागा काळ्या रंगानें रंगवून मीं तेथें फळा केला व खडू ठेवला. जो शेवटची वाटी काढील त्यानें वस्तूचें नांव लिहावें. आणि महिन्याची यादी त्या फळ्यावरून वहिनींनींच सांगावी. कोणता डबा कोणत्या फळीवर, हेंही त्यांनींच ठरविलें. आम्ही दोघांनीं फक्त डबे उचलले.

पहिल्या महिन्यांत शेंगदाणे व गूळ यांचा खप दुप्पट झाला. नातवंडांच्या हातास लागणाऱ्या उंचीवर ते ठेवल्याचा हा परिणाम होता. धाकट्या सुनेनें ते वर न्यावे असें सुचविलें. वहिनींनीं नकार दिला. मलाही त्यांचेंच म्हणणें पटतें. मुलांनीं बाजारची पाकिटें फोडण्यापेक्षां घरचा गूळ-दाणा खाल्ला तर त्यांत तोटा कसला? मात्र फळ्यावर 'दाने' असें लिहिलेलें दिसलें तें मीं तेव्हांच दुरुस्त करविलें.

गेल्या वर्षीं दिवाळीचें फराळाचें सामान थोरल्या सुनेनें एकटीनें काढलें, कोणास कांहीं न विचारतां. वहिनी माजघरांत बसून ऐकत होत्या. डब्यांच्या आवाजावरून त्यांनीं कोणती फळी चालली आहे हें ओळखलें आणि "रवा संपत आलाय, लिहून ठेव गं" एवढेंच म्हणाल्या. केशर, वेलदोडे व सुका मेवा यांचा एक पितळी डबा मात्र अद्याप कुलपांत आहे. तो मधल्या फळीवर सर्वांस दिसेल असाच ठेवलेला आहे, आणि त्याची किल्ली वहिनींच्या कमरेला आहे. ती मागण्याचें अजून कोणाच्या मनांत आलेलें नाहीं.