आडनाव हरवलं आहे

एक सोपा प्रश्न. जर्मन चॉकलेट केक कुठल्या देशाचा? ‘जर्मनी’ म्हणालात ना? म्हणणारच! पण केक आहे पक्का अमेरिकन. सॅम्युअल जर्मन नावाच्या माणसानं 1852 मध्ये बेकर्स कंपनीसाठी एक गोडसर चॉकलेट तयार केलं आणि कंपनीनं ते त्याच्या नावानं विकलं. 1957 मध्ये डॅलसच्या एका पेपरात त्या चॉकलेटच्या केकची रेसिपी छापून आली. केक तुफान चालला आणि एका माणसाच्या आडनावाचा चक्क देश झाला. बरं, ‘बेकर्स’ तरी बेकरीवाल्यांचं म्हणावं, तर तेही जेम्स बेकर या गृहस्थांचं आडनाव!

कुणी फ्रिज मॅग्नेट जमवतं, मी असली नावं जमवते. म्हणजे वरून साधे इंग्रजी शब्द, आणि आत लपलेला एक माणूस. ड्रेसिंग टेबलवरचं मॅक्स फॅक्टर घ्या. वाटतं, कुणा मार्केटिंगवाल्यानं मीटिंगमध्ये ‘मॅक्सिमम’ आणि ‘फॅक्टर’ यांचं लग्न लावून दिलं असणार. पण तो होता हॉलिवूडचा मेकअपमन. जन्म पोलंडचा, मूळ आडनाव फाक्तोरोविच. टॅको बेलच्या लोगोत घंटा दिसते खरी, पण ‘बेल’ म्हणजे ग्लेन बेल, ज्यानं 1962 मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं टॅको बेल उघडलं.

आयटीवाल्यांनो, हसू नका. गुगलच्या पेजरँकमधलं ‘पेज’ हे लॅरी पेज यांचं आडनाव आहे, वेबपेजशी त्याचा मेळ छान बसला इतकंच. आणि मायएसक्यूएल? तुम्ही रोज ज्यात डेटा कोंबता, त्याला मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचं नाव दिलंय. मराठीत माय म्हणजे आई, इंग्रजीत माझं, आणि इथे निघाली लेक! पुढे धाकटीच्या नावानं मारियाडीबी आलं, म्हणजे घरात भांडण नको.

लांब कशाला, नागपूरहून नव्यानं मुंबईत आलेल्या माझ्या रूममेटनं लोकलमध्ये विचारलं होतं, “ग्रँट रोडला कसली ग्रँट मिळते गं?” काही मिळत नाही बाई. रॉबर्ट ग्रँट हे 1835 ते 1838 मुंबईचे गव्हर्नर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्यांच्याच नावाचं.

इथवर सगळी गंमतच आहे. पण माझ्या यादीतल्या एका नावापाशी मी थांबते. ताईच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : ॲपगार 9. नातेवाइकांपैकी एकानं लगेच फुल फॉर्म सांगितला. तो चुकीचाही नाही, पण तो नंतर जुळवलेला. व्हर्जिनिया ॲपगार या न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मदतीची गरज आहे का, हे झटपट कसं ओळखायचं? 1952 मध्ये त्यांनी पाच गोष्टी ठरवल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावं म्हणून दहाएक वर्षांनी कुणीतरी त्यांच्या आडनावाच्या अक्षरांत पाच इंग्रजी शब्द बसवले. ते इतके फिट्ट बसले, की बाईच दिसेनाशा झाल्या. जगभरात बाळांच्या कागदांवर त्यांचं नाव आहे, आणि वाचणाऱ्याला वाटतं तो शॉर्टफॉर्म आहे.

आमच्या ऑफिसातही एक अशी ‘ॲपगार’ आहे. महिनाअखेरीची एक एक्सेल शीट. अकाउंट्समधल्या एका मॅडमनी ती बनवली, म्हणून त्यांच्या आडनावानं ओळखली जाते. आडनाव सांगत नाही, पण तो एक रंगही आहे. मॅडम रिटायर झाल्या. परवा नवा ट्रेनी विचारत होता, “शीट तर पांढरी दिसतेय, मग हे नाव का?” शेजारच्यानं सांगितलं, “असंच आहे, जुनं नाव आहे.” आता म्हणे नाव गोंधळात टाकतं, म्हणून बदलून ‘मंथली टेम्प्लेट टू’ करायचंय.

वीस वर्षं महिन्याच्या शेवटच्या तारखेला ही बाई सगळ्यात शेवटी घरी गेली. आपण साडेसहाला निघू शकतो, ते तिच्या फॉर्म्युल्यांमुळे.

नाव बदलायचं तर बदला, माझी हरकत नाही. मी काल पहिल्या सेलमध्ये एक कमेंट टाकून ठेवलीय. त्यात मॅडमचं पूर्ण नाव आहे, आणि खाली एक ओळ : ‘हा रंग नाही, माणूस आहे.’