मालाची गोष्ट

व्यापार हा आकड्यांचा प्रांत आणि गोष्ट हा आजीबाईंचा, अशी वाटणी पुष्कळांनी मनाशी करून ठेविलेली असते. भाव, वजन आणि मुदत सांगितली की व्यापाऱ्याचे बोलणे संपले; त्यापुढे बोलेल तो थापाड्या, असा या मंडळींचा समज. उलट हल्ली दुसरा एक पंथ निघाला आहे. माल कसाही असो, त्यास एखादी सुरस कथा जोडा म्हणजे तो हातोहात खपेल, असे तो शिकवितो. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आणि न मानण्याचे कारण आम्हांस आमच्या धाराशिव जिल्ह्यातच सापडले आहे.

तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली साधार दाखविले. या तगराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक पुस्तिकेत येतो. कोणा अनामिक व्यापाऱ्याने ती इतर व्यापाऱ्यांसाठी लिहिली. पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तेथून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास जातात, एवढे सांगून तो पुढे निघतो. मालाची यादी आहे, गोष्ट नाही. परंतु हाच रुक्ष गृहस्थ भडोचच्या खाडीशी आला की त्याची लेखणी पालटते. भरतीच्या वेळी दुरून सैन्याच्या कोलाहलासारखा आवाज कसा येतो, पाणी कसे चाल करून येते, नांगरलेली जहाजे कशी ओढली जाऊन उलटतात, हे तो अंगावर काटा यावा इतक्या बारकाईने सांगतो. त्यास साहित्याची हौस आली म्हणून नव्हे! नुसत्या आकड्यांनी जो धोका खलाशाच्या मनावर ठसला नसता, तो गोष्टीने ठसावा म्हणून. ऐकणाऱ्याने जे पाहिलेले नाही आणि जे जाणल्यावाचून त्याचा व्यवहार नीट होणार नाही, ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे करणे, हेच व्यापारात गोष्टीचे काम होय.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक भाचा आमच्याकडे आला. भूम तालुक्यात त्याची खव्याची भट्टी आहे, आणि आता तो पुण्याच्या दुकानांत पेढे पाठवितो. “मामा, तुम्ही लिहिणारे. डब्यावर छापायला एक झकास गोष्ट द्या. कुंथलगिरीचे नाव आहेच. हजार वर्षांपूर्वी मुनींनी ही कृती सांगितली, असे काहीतरी घाला.” कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र, त्या पवित्र नावास असल्या कल्पित कथेच्या दावणीला बांधणे आमच्या जिवावर आले. आम्ही एवढेच विचारले, “अरे, दूध कोठून येते ते तरी सांग.”

मग तो तासभर बोलत होता. पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेताइतकाच भरवसा गोठ्यावर. शहर लांब, दूध तेथे पोहोचेपर्यंत नासायचे, म्हणून ते जागच्या जागी आटवायचे. चार-पाच लिटर दूध आटते तेव्हा कोठे किलोभर खवा हाती येतो. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैल विकले, पण म्हैस विकली नाही. आजही पहाटे त्याची आई कढईपाशी उभी राहते आणि खवा तळाला लागू नये म्हणून हात थांबू देत नाही.

“हीच तुझी गोष्ट,” आम्ही म्हणालो.

“यात काय मोठे, मामा? आमच्याकडे घरोघरी हेच.”

आम्ही दहा ओळी लिहून दिल्या. त्यांत एक ओळ होती: त्याच दिवशीचे दूध, घरच्याच भट्टीवर. ती वाचून तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “हे छापले तर रोज तसेच करावे लागेल. लग्नसराईत दूध पुरत नाही, तेव्हा आम्ही बाहेरचा खवा घेतो.”

तेरचे गोरोबाकाका जातीचे कुंभार. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून मडके पक्के की कच्चे ते पाहिले, ही आख्यायिका महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? व्यापाऱ्याच्या गोष्टीसही हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते. पुण्याचे गिऱ्हाईक भट्टीपाशी येऊन मडके ठोकून पाहू शकत नाही. ते गोष्टीवर विसंबते. मुनींची कल्पित कथा त्या गिऱ्हाइकास भुलविते, पण सांगणाऱ्याकडे काहीच मागत नाही. खरी गोष्ट मात्र प्रथम सांगणाऱ्यासच बांधून घेते. जी छापताना मालकाचा हात क्षणभर थबकतो, तीच गोष्ट छापण्याच्या लायकीची.

भाच्याने आईस विचारले आणि त्या ओळी छापल्या. पुढच्या लग्नसराईत त्याने दोन दुकानांस माल नसल्याचे कळविले, आणि कारण विचारताच तीच गोष्ट सांगितली. एका दुकानदाराने दुसऱ्याकडून माल घेतला, तो पुन्हा आला नाही. दुसरा म्हणाला, “ठीक आहे, थांबतो.” तो अजून त्याचेच पेढे ठेवतो. हिशेबाच्या वहीत त्या आठवड्याचा तोटा मांडलेला आहे. आणि तो मांडण्यास भाच्यास लाज वाटलेली नाही.