‘नेव्हरमाइंड’ ऐकताना

‘निर्वाणा’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, सप्टेंबर १९९१ चा. त्यापूर्वीच्या ‘ब्लीच’च्या (१९८९) ध्वनिमुद्रणाला अवघे सहाशे डॉलर लागले होते. आणि जानेवारी १९९२ मध्ये पाहावे, तर ‘नेव्हरमाइंड’ने खुद्द मायकेल जॅक्सनला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलेले!

कर्ट कोबेन हा ॲबर्डीन या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावातला मुलगा. त्याला हे यश पुढे बोचू लागले. अल्बम फारच गुळगुळीत झाला, अशी त्याची तक्रार. मला ती पटत नाही. निर्माता बुच विग त्याला तेच गाणे दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवायला सांगे. कोबेन तयार होईना. तेव्हा ‘जॉन लेननही असेच करी’ ही मात्रा लागू पडली. त्या सफाईवाचून हा कण्हता आवाज आमच्यापर्यंत पोचला असता का?

मात्र ‘समथिंग इन द वे’पुढे सफाईचे काही चालले नाही. नेहमीच्या पद्धतीने ते जमेना. मग कोबेन ध्वनियंत्रांच्या खोलीतच कोचावर आडवा झाला आणि गिटार छेडीत पुटपुटू लागला. विगने पंखा बंद केला, टेलिफोनची तार काढली आणि तसेच ते मुद्रित केले. एरवी ड्रम बडवून काढणाऱ्या डेव्ह ग्रोलला मागाहून त्यावर अगदी हलक्या हाताने वाजवावे लागले.

एप्रिल १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, कोबेनने आत्महत्या केली. हे ठाऊक असल्यामुळे माझा खोलीसोबती ते गाणे लागले, की उठून बाहेर जातो. मी ऐकत राहतो.