पांढरे रस्ते

नकाशात चढ दिसत नाही. गावे दिसतात, नद्या दिसतात, रस्त्याची रेघ दिसते, आणि त्या रेघेवर बोट ठेवून "हे काय, एवढेसे तर अंतर!" असे आपण घरबसल्या म्हणतो. मोटारीने जाणाऱ्याला प्रत्यक्षातही चढ जाणवत नाही. एंजिनाचा सूर थोडा बदलतो, इतकेच. चढ खरा कळतो तो सायकलवाल्याला. त्याच्या मांड्या, त्याचा श्वास आणि त्याच्या सायकलची साखळी हे तिघे मिळून चढाची मोजणी करीत असतात, आणि त्या मोजणीत इंचाचीही सूट मिळत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघांनी इटलीतल्या टस्कनी प्रांतात सात दिवस सायकलवरून भटकंती केली. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मध्ये कियांती नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या गायोले या लहानशा गावात आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. वय विचाराल तर माझे ६३ आणि हिचे ५९. मुलांनी परोपरीने समजावून पाहिले. पण ज्या पुण्यात माझे लहानपण गेले, ते एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, दुकानदाराच्या वहीत नाव लिहायचे आणि तास भरत आला की धापा टाकीत परत फिरायचे, हा आमचा सुट्टीतला मोठा विलास. इथे सात दिवस सायकल परत करायची नव्हती! हा मोह मला आवरण्यासारखा नव्हता.

मी साधी सायकल निवडली. हिने बॅटरीची घेतली. "अगं, मग कष्ट ते काय राहिले?" असे मी म्हणताच ती म्हणाली, "अहो, मला हा मुलूख पाहायचा आहे, स्वतःचे गुडघे नाहीत." यापुढे प्रत्येक चढावर ती पुढे आणि मी मागे, हे ठरूनच गेले.

आणि चढ तरी किती! या भागात सपाट असे काही नाहीच म्हटले तरी चालेल. जुन्या काळी शत्रूपासून बचाव व्हावा आणि सखल भागातल्या हिवतापापासून दूर राहता यावे, म्हणून लोकांनी गावे टेकड्यांच्या माथ्यावर वसवली. राद्दा घ्या, कास्तेल्लीना घ्या, नाहीतर खुद्द सिएना घ्या, सगळी उंचावर. त्यामुळे सकाळी ताजेतवाने असताना आपण गावातून उतरत बाहेर पडतो आणि संध्याकाळी पाय गळून गेल्यावर मुक्कामाचे गाव वर बसून आपली वाट पाहत असते. शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर चढायचे, असे चढ तर इथे पावलोपावली. सिएनाच्या वेशीतून आत शिरल्यावरही सांता कातेरीना नावाचा एक बोळ लागतो. त्यातून वर चढताना मी निमूटपणे उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. शेजारून एक म्हातारे गृहस्थ तसेच चालले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. भाषेची गरज पडली नाही.

या मुलखाची सीमा कशी ठरली याची तिथे एक दंतकथा सांगतात. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचा तंटा होता. तेव्हा असे ठरले, की पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघावा आणि ते भेटतील तिथे सीमा मानावी. सिएनाच्या लोकांनी आपल्या पांढऱ्या कोंबड्याला पोटभर चारले. तो सुखाने झोपून राहिला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. त्याने अंधार असतानाच बांग दिली. त्यांचा स्वार इतका पुढे आला, की सिएना बारा-पंधरा किलोमीटरच उरले होते. कियांतीच्या मद्याच्या बाटलीवर तो काळा कोंबडा आजही आहे. ही गोष्ट ऐकल्यापासून आम्हीही पहाटे निघू लागलो. फरक एवढाच, की आम्ही न्याहारी करून निघत असू.

पण ज्यासाठी मी इतक्या दूर गेलो ते इथले पांढरे रस्ते. इटालियन भाषेत त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणतात. चुनखडीच्या बारीक खडीचे हे कच्चे रस्ते द्राक्षमळ्यांतून, ऑलिव्हच्या बागांतून, टेकडीच्या धारेधारेने वळत जातात. उन्हात त्यांच्याकडे पाहवत नाही आणि मागे उडणारी धूळ भस्मासारखी अंगावर बसते. डांबरावर चढ जड वाटला, की माणूस सीटवरून उठून उभ्याने पायडल मारतो. इथे ते चालत नाही. उठलात की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि चाक खडीवर जागच्या जागी गरगरते. बसूनच राहायचे, हलका गिअर घालायचा आणि जपमाळ ओढल्यासारखे पाय फिरवायचे. उताराला हँडल सैल धरायचे आणि वळण येण्याआधीच ब्रेक दाबायचा.

हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले इथे 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ जण आले होते. आता ऑक्टोबरच्या आरंभी हजारो येतात. सायकल १९८७ पूर्वीची, पोलादी सांगाड्याची हवी, असा नियम आहे. वाटेत खायला पाव आणि भाज्यांचे घट्ट गावरान सार मिळते. तिच्यापासूनच स्फूर्ती घेऊन २००७ पासून व्यावसायिक स्वारांची मोठी शर्यतही या रस्त्यांवरून होऊ लागली. म्हणजे ज्या रस्त्याला 'वाईट' म्हणून सुधारायचे, त्याच रस्त्यासाठी आता लोक समुद्र ओलांडून येतात.

मला याचे फार कौतुक वाटत होते. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर, सरळसोट सायप्रसच्या रांगांमधून सायकल ओढताना, आपण एका थोर परंपरेचे वारकरी आहोत असेही वाटून गेले. या किल्ल्याचे धनी बेत्तीनो रिकासोली १८६१ साली इटलीचे पंतप्रधान झाले होते. कियांतीच्या मद्यात कोणत्या द्राक्षांचा मेळ असावा हे त्यांनीच पुढे ठरवून दिले, असे मानतात.

त्या चढाच्या पुढे एका मळ्याच्या बांधावर आम्ही टेकलो. द्राक्षांची तोडणी चालू होती. ऐंशी-पंचाऐंशीचे एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते; नात इंग्रजी जाणणारी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि नातीमार्फत विचारले, "या कामाचे तुम्हांला किती पैसे मिळतात?"

मी म्हणालो, "आजोबा, उलट आम्हीच पैसे भरले आहेत."

ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग शांत होऊन ते सांगू लागले. त्यांचे वडील याच टेकडीवर जमीन कसत. अर्धे पीक मालकाचे, अर्धे यांचे. आपल्याकडे ज्याला अर्धेली म्हणतात, तीच ही रीत, आणि ती टस्कनीत शेकडो वर्षे चालत आली होती. आई याच रस्त्याने धुण्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढे. "डांबर आले असते तर तिने त्याला हार घातला असता," आजोबा म्हणाले.

पुढचा इतिहास आपल्याला अनोळखी नाही. १९५० नंतरच्या दोन दशकांत शेतकरी कुटुंबे घरे सोडून कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली. १९६४ साली अर्धेलीचे नवे करार करायला कायद्याने बंदी झाली. गोठे ओस पडले, दगडी घरांची छपरे खचली. ज्या वाटेने कोणी जातच नाही तिच्यावर डांबर टाकायचे कोणासाठी? ते रस्ते पांढरे राहिले ते सौंदर्यासाठी नव्हे, माणसे उठून गेली म्हणून. नंतर दुरून पैसेवाले आले, त्यांनी ती घरे घेतली, आणि त्यांच्या मागून आम्ही सायकलवाले आलो.

त्या दिवशी उरलेला चढ मला निराळा वाटला. कष्टाला आपण उगाच देव करतो. मी चढत होतो त्यात पुरुषार्थ नव्हता. मला वाटेल तेव्हा थांबता येत होते, हाच माझा सारा विलास. त्या माउलीला थांबता येत नव्हते. हिने बॅटरीची सायकल घेतली म्हणून तिची यात्रा उणी झाली नाही, हेही मला तिथेच पटले. उलट रस्त्याकडेला फुललेले रानटी सायक्लेमेन तिलाच आधी दिसले, आणि मागे वळून थांबायला सवड होती तीही तिलाच.

शेवटचे दोन दिवस आम्ही सिएनाच्या आग्नेयेस आशानोच्या बाजूला होतो. तिथे काही दशलक्ष वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या तळाची राखाडी माती आज उघड्याबोडक्या टेकड्या होऊन उभी आहे, आणि त्या मातीत शिंपले सापडतात. झाड नाही, सावली नाही, नुसता पांढरा रस्ता वरखाली होत क्षितिजापर्यंत गेलेला. हे रस्ते राहावेत असे मला अजूनही मनापासून वाटते. मात्र केवळ आमच्या हौसेसाठी नव्हे. माणसांनी तिथे काय सोसले, याची खूण डांबराखाली बुजून जाऊ नये, म्हणून.

वाचकांपैकी कोणी तिकडे गेलाच, तर उन्हाळा टाळून सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे, गिअर हलका ठेवावा आणि पहाटे निघावे. चढ झेपला नाही तर खुशाल उतरून चालावे. त्या रस्त्यावर चालणाऱ्यांची परंपरा सायकलवाल्यांहून फार जुनी आहे. आणि बांधावर एखादे आजोबा भेटले, तर फोटो काढण्याआधी घटकाभर त्यांच्यापाशी बसावे.